तेरा तालुके, तेरा आठवडे

भारतीय हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाने १९०१ पासूनचा देशाचा रोजचा पाऊस एका जाळीवर मांडून ठेवला आहे. अक्षांश-रेखांशाच्या पाव-पाव अंशावर एक घर, पूर्व-पश्चिम १३५ घरे, दक्षिणोत्तर १२९. म्हणजे एका दिवसाची १७,४१५ घरे झाली. १९०१ ते २००० या शंभर वर्षांचे दिवस ३६,५२५, तेव्हा नुसत्या विसाव्या शतकाची घरे ६३ कोटी ६० लाखांच्या वर जातात. बुलढाणा जिल्ह्याच्या अक्षांशावर असे एक घर सुमारे ७२० चौरस किलोमीटरचे भरते. जिल्ह्याचे क्षेत्रफळ ९,६६१ चौरस किलोमीटर आहे, म्हणून सातपुड्याच्या पायथ्याच्या संग्रामपूरपासून दक्षिणेच्या लोणारपर्यंतचा सगळा मुलूख त्या जाळीतल्या तेरा-चौदा घरांइतका भरतो. पावसाच्या आकड्यांवर केलेली बेरीज-वजाबाकी कागदावर राहत नाही. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी धरायची, सलग २१ दिवस पावसाने दडी मारली तर २०२५ पूर्वीच्या पीकविम्यात मोठा खंड मोजायचा, असे निकष शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या पैशाशी बांधलेले असतात. म्हणून असा हिशेब कोणत्या भाषेत लिहावा, हा प्रश्न संगणकशास्त्राच्या वर्गापुरता ठेवून चालत नाही.

या प्रश्नाला दोन जुन्या परंपरांनी दोन वेगळी उत्तरे दिली. केनेथ आयव्हर्सन यांनी १९६२ साली ‘ए प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ हे पुस्तक लिहिले आणि त्यातून एपीएल ही भाषा जन्मली. तिच्यात अ‍ॅरे हीच मूळ वस्तू आहे. एक आकडा म्हणजे शून्य मितीचा अ‍ॅरे, एक ओळ म्हणजे एका मितीचा, तक्ता म्हणजे दोन मितींचा. ‘अधिक’ ही क्रिया या सगळ्यांवर सारखीच चालते, तिथे लूप लिहावा लागत नाही. दुसरी परंपरा जॉन मॅकार्थी यांच्या लिस्पपासून निघते आणि एमएल, हॅस्केल अशा भाषांपर्यंत येते. तिच्या केंद्रस्थानी फंक्शन आहे: तेच दिले की तेच मिळते, एकदा ठरलेले मूल्य मागून बदलत नाही. मात्र या परंपरेची लाडकी वस्तू लिस्ट होती, आणि लिस्ट मालगाडीसारखी असते. शंभराव्या डब्याकडे जायचे तर नव्व्याण्णव डबे ओलांडावे लागतात. जिथे ठिकाणालाच अर्थ आहे, मेहकरच्या घराला सिंदखेड राजाचे घर लागून आहे हे जिथे महत्त्वाचे, तिथे लिस्ट तोकडी पडते.

या दोन परंपरा एकमेकींपासून फटकून राहिल्या असे समजणे चुकीचे ठरेल. फोरट्रान घडवणारे जॉन बॅकस यांनी १९७७ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात, एकेका शब्दाची ने-आण करणाऱ्या प्रोग्रॅमिंगपासून सुटका हवी अशी मागणी केली आणि एफपी नावाची फंक्शनल पद्धत मांडली. तिच्यावर एपीएलची छाप उघड होती. दोनच वर्षांनी, १९७९ मध्ये, तोच पुरस्कार आयव्हर्सन यांना मिळाला. ओढ तेव्हापासूनची आहे. एपीएलमधून नेमके काय उचलायचे, यावर मात्र एकमत झाले नाही. कोणी तिची चिन्हे उचलली, कोणी वेग, कोणी तयार क्रियांचा संच. माझ्या मते उचलण्याजोगी मुख्य गोष्ट आकार ही आहे. अ‍ॅरेला किती मिती आहेत आणि प्रत्येक मिती कशाची आहे, हे फंक्शनल भाषेच्या टाइपमध्ये आल्याशिवाय ही उसनवारी अर्धी राहते. अर्धी उसनवारी कधी कधी मुळीच न केलेल्यापेक्षा धोक्याची ठरते.

ते कसे, हे एका लहान तक्त्यावर पाहता येते. बुलढाणा जिल्ह्यात तालुके १३ आहेत. खात्याच्या प्रमाणित आठवड्यांपैकी २६ ते ३८ घेतले, म्हणजे २५ जून ते २३ सप्टेंबर, तर तेही १३ होतात. आडव्या ओळीत तालुका, उभ्या रकान्यात आठवडा, आत त्या तालुक्यातला त्या आठवड्याचा पाऊस. आता प्रत्येक तालुक्याची आठवड्याची सरासरी हाताशी आहे, म्हणजे १३ आकडे, आणि ती तक्त्यातून वजा करून कुठे तूट आहे ते काढायचे आहे. पायथन भाषेच्या नमपाय या लायब्ररीत ‘तक्ता वजा सरासरी’ असे सरळ लिहिले तर उत्तर येते, तक्रार येत नाही. पण नमपाय आकार शेवटच्या मितीकडून जुळवते, त्यामुळे तालुक्यांची सरासरी आठवड्यांमधून वजा होते. पहिल्या तालुक्याची सरासरी सगळ्यांच्या पहिल्या आठवड्यातून, दुसऱ्याची सगळ्यांच्या दुसऱ्या आठवड्यातून. आकडे दिसायला ठीकठाक असतात. बारा आठवडे घेतले असते तर प्रोग्राम तिथेच थांबला असता. तेरा घेतले म्हणून चूक गिळली गेली. आयव्हर्सन आणि रॉजर हुई यांच्या १९९० च्या जे भाषेत उलटा नियम आहे, जुळवणी पहिल्या मितीकडून होते. तिथे हा हिशेब बरोबर येतो, पण आठवड्यांची सरासरी वजा करायला गेले की तितक्याच शांतपणे चुकतो. मूळ एपीएल अधिक सावध होती. दोन्ही आकार एकसारखे हवेत, नाहीतर एका बाजूला एकच आकडा हवा, एवढेच ती मान्य करी. म्हणजे दोष कोणत्या दिशेने जुळवायचे यात नाही. १३ या आकड्याला आपण तालुके आहोत की आठवडे, हे सांगता येत नाही, खोट तिथे आहे.

इथे फंक्शनल परंपरेकडे देण्यासारखे काहीतरी होते, आणि ते फार लवकर होते. हॅस्केलच्या १९९० च्या पहिल्या अहवालापासून तिथल्या अ‍ॅरेचा निर्देशांक हा कोणताही योग्य टाइप असू शकतो. तालुका हा एक टाइप, आठवडा हा दुसरा, आणि तक्ता त्या दोघांच्या जोडीवर. तालुक्याच्या जागी आठवडा घातला की कम्पायलर प्रोग्राम पुढे जाऊच देत नाही. तरीही हे अ‍ॅरे मोठ्या हिशेबात रुळले नाहीत, आणि त्याची कारणे खरी होती. प्रत्येक घरात आकड्याऐवजी ‘लागेल तेव्हा काढू’ अशी चिठ्ठी ठेवलेली असे, आणि ६३ कोटी चिठ्ठ्या कोणत्याही यंत्राला जड जातात. शिवाय टाइपला तालुका कळे, पण सीमा प्रोग्राम चालू झाल्यावरच कळे. सबंध तक्त्यावर एका दमात क्रिया करण्याची एपीएलची सवय तर तिथे आलीच नाही. नाव मिळाले, चाल मिळाली नाही. पुढे रेपा आणि अ‍ॅक्सेलरेट या हॅस्केलच्या लायब्रऱ्यांनी चाल आणली. २०१० च्या सुमारास आलेल्या रेपाने आकार टाइपमध्ये घेतला, पण प्रामुख्याने मितींची संख्या म्हणून. दोन मिती आहेत हे कळले, त्या कशाच्या हे पुन्हा सुटले.

गेल्या दहा-बारा वर्षांतले काम याच फटीवर चालले आहे. ऑलिन शिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये रेमोरा ही भाषा मांडली. एका आकड्यासाठी लिहिलेले फंक्शन ओळीवर, तक्त्यावर, तक्त्यांच्या थप्पीवर आपोआप उचलले जाण्याचा आयव्हर्सनचा नियम तिने टाइपच्या चौकटीत सिद्ध करून दाखवला. जेरेमी गिबन्स यांनी २०१७ मध्ये दाखवले की ठरलेल्या आकाराचा अ‍ॅरे म्हणजे निर्देशांकापासून मूल्याकडे जाणारे फंक्शनच असते. हे पटले की अ‍ॅरे फंक्शनल भाषेत पाहुणा राहत नाही, घरचाच होतो. कोपनहेगन विद्यापीठातल्या फ्युथार्कमध्ये फंक्शनच्या सहीतच अ‍ॅरेची लांबी लिहिता येते. ‘न गुणिले म’चा तक्ता आणि ‘न’ लांबीची ओळ असे सांगितले, की ‘म’ लांबीची ओळ तिथे चालत नाही. पण ‘न’ आणि ‘म’ दोन्ही १३ आहेत असे बाहेरून ठरले, तर फ्युथार्कही फंक्शनला हाक मारणाऱ्याची गल्लत ओळखू शकत नाही. २०२१ मध्ये ज्यावर निबंध आला ती डेक्स ही गूगलमधली प्रायोगिक भाषा तिथे एक पाऊल पुढे गेली. तिच्यात निर्देशांकांचा संच हाच टाइप आहे, तेव्हा ‘तालुका’ आणि ‘आठवडा’ यांची संख्या सारखी असली तरी जात वेगळी राहते. या सर्वांत मला डेक्सची दिशा सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती माणसाच्या डोक्यातला तक्ता जसाच्या तसा उचलते. तलाठ्याच्या वहीत रकान्याला आकडा नसतो, नाव असते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: नमपाय आहे, सगळे जग ते वापरते, शेगावच्या किंवा अमरावतीच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला नोकरी पायथनवर मिळते, मग हा खटाटोप कशाला? नमपायचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. एपीएलचा विचार सर्वसामान्य प्रोग्रामरच्या हातात कोणी पोचवला असेल तर त्यानेच. पण नमपायचे अ‍ॅरे जागच्या जागी बदलता येतात आणि एका अ‍ॅरेचा तुकडा हा बहुतेक वेळा त्याच जागेकडे पाहणारी खिडकी असतो. मेहकरची ओळ वेगळी काढून तिच्यात दुरुस्ती केली तर मूळ तक्ताही बदलतो. लहान प्रोग्राममध्ये हे लक्षात राहते. दहा माणसांनी पाच वर्षे हात लावलेल्या प्रोग्राममध्ये राहत नाही. फंक्शनल भाषा इथे जे देते ते सौंदर्य म्हणून नव्हे, तर हिशेब तपासता यावा म्हणून हवे आहे. नुकसानभरपाईच्या यादीत एखादे मंडळ का आले नाही, असे कोणी विचारले तर त्याच कच्च्या नोंदींवरून तेच उत्तर पुन्हा निघाले पाहिजे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. मूल्य बदलायचे नसेल तर एका घरातली दुरुस्ती म्हणजे १७,४१५ घरांची नवी नक्कल, आणि हे परवडणार कोणाला? फंक्शनल भाषांच्या अभ्यासकांनी ही अडचण कधी लपवली नाही. पॉल हुडाक आणि एड्रियन ब्लॉस यांनी १९८५ मध्ये तिच्यावर स्वतंत्र निबंधच लिहिला. उत्तरे बऱ्याच बाजूंनी आली. आयआयटी कानपूरमधून शिकून पुढे एमआयटीत गेलेल्या अरविंद यांनी रिशियूर निखिल आणि केशव पिंगळी यांच्यासोबत आय-स्ट्रक्चर मांडले: घर आधी रिकामे असते, एकदाच भरता येते, आणि भरायच्या आधी कोणी वाचायला आला तर तो थांबतो. अमेरिकेतल्या सिसल या भाषेच्या कम्पायलरने नक्कल कुठे टाळता येते हे स्वतः शोधले. १९९२ साली डेव्हिड कॅन यांनी फोरट्रानला निवृत्त करायची वेळ आली का, असा प्रश्न शीर्षकातच विचारणारा लेख लिहिला, तो क्रे यंत्रांवर सिसल फोरट्रानच्या तोडीस तोड धावत होती या बळावर. एसएसी ही भाषा एका अ‍ॅरेकडे बोट दाखवणारे किती आहेत हे मोजते, एकच असेल तर नक्कल न करता तिथेच लिहिते. फ्युथार्कमध्ये ‘या अ‍ॅरेचा मालक मी एकटाच’ असे टाइपमध्ये सांगता येते. म्हणजे हा आक्षेप आता तत्त्वाचा उरलेला नाही, कम्पायलरच्या कसबाचा आहे. सिसल तरीही टिकली नाही, हे खरे. मोठी हवामान प्रारूपे आजही मुख्यतः फोरट्रानमध्येच आहेत. तरी त्या फोरट्राननेही १९९० च्या आवृत्तीत सबंध अ‍ॅरेवर क्रिया करण्याची रीत एपीएलच्या घराण्यातून घेतली, हे विसरू नये.

या मिलाफातून नवे काय हाती लागते, हे पावसाच्या खंडात स्पष्ट दिसते. खात्याच्या व्याख्येत २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तो पावसाचा दिवस, बाकीचे कोरडे धरू. सर्वांत लांब उघडीप किती दिवसांची, हे साधा प्रोग्रामर लूपने काढतो: दिवस कोरडा तर मोजणी एकाने वाढवा, पाऊस पडला तर शून्य करा, आतापर्यंतचा मोठा आकडा जपून ठेवा. ही रीत बरोबर आहे, पण ती १ तारखेपासून ३१ तारखेपर्यंत रांगेनेच चालते. जुलै दोन माणसांत वाटून दिला तर गडबड होते. पहिल्याकडे १ ते १५, त्याला शेवटचे ९ दिवस कोरडे सापडले. दुसऱ्याकडे १६ ते ३१, त्याला पहिले १२ दिवस कोरडे सापडले. दोघेही म्हणतील, आमच्याकडे २१ चा खंड नाही. जोडल्यावर मात्र तो नेमका २१ चा आहे, आणि अशाच खंडावर एका मंडळाचा विमा अवलंबून असे.

फंक्शनल विचार इथे विचारतो: प्रत्येक तुकड्याने कोणती माहिती दिली म्हणजे जोडणी बिनचूक होईल? चार आकडे पुरतात: तुकड्याची लांबी, सुरुवातीचे सलग कोरडे दिवस, शेवटचे सलग कोरडे दिवस, आणि आतला सर्वांत लांब खंड. दोन तुकडे जोडताना लांब्यांची बेरीज करायची. डावा तुकडा पूर्ण कोरडा असेल तर सुरुवातीची मोजणी उजव्यात पुढे न्यायची. उजवा पूर्ण कोरडा असेल तर शेवटची मोजणी डाव्यात मागे न्यायची. सर्वांत लांब खंड म्हणजे डाव्याचा, उजव्याचा आणि ‘डाव्याचे शेवटचे अधिक उजव्याचे सुरुवातीचे’ या तिघांतला मोठा. या जोडणीत कंस कुठेही टाकला तरी उत्तर बदलत नाही. हा एक गुण सिद्ध झाला की काम दोघांत वाटा, दोन हजारांत वाटा किंवा ग्राफिक्स कार्डाच्या कोअरवर सोडा, उत्तर तेच राहते. एपीएलमध्ये बेरजेची घडी आणि चालती बेरीज या क्रिया होत्या. गाय ब्लेलॉक यांनी १९९० च्या आसपास दाखवले की चालती बेरीज ही समांतर गणनेची मूळ वीट म्हणून वापरता येते. आणि रिचर्ड बर्ड, लॅम्बर्ट मेर्टेन्स यांच्या फंक्शनल गणिताने असे चार आकडे शोधायची पद्धत दिली. अ‍ॅरे परंपरेने क्रिया दिली, फंक्शनल परंपरेने ती क्रिया कधी सुरक्षित आहे याचा पुरावा दिला. एकटी कोणतीही परंपरा इथपर्यंत पोचत नाही.

लोणारच्या विवरावर हाच मिलाफ दुसऱ्या रूपात दिसतो. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. सेंटिनेल-२ उपग्रहाचे घर १० मीटरचे, म्हणजे विवराचा व्यास १८० घरांत भरतो. विवरातल्या तळ्याची कड शोधायची तर प्रत्येक घर आणि त्याचे आठ शेजारी पाहायचे. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले, त्या रंगाचा पसारा मोजायलाही असाच शेजारधर्म लागतो. अ‍ॅरेला निर्देशांकाचे फंक्शन मानले की ‘शेजारी’ म्हणजे फक्त सरकवलेला निर्देशांक. कोलोराडो स्टेट विद्यापीठात संजय राजोपाध्ये ज्या आल्फा भाषेवर काम करत आले, ती याच कल्पनेवर उभी आहे: अ‍ॅरे समीकरणाने सांगायचा, गणनेचा क्रम यंत्राने शोधायचा.

तिसरा आक्षेप मी पूर्णपणे परतवू शकत नाही. खरे जग चौकोनी नसते. प्रत्येक तालुक्यात महसूल मंडळे सारखी नाहीत, म्हणून तालुका गुणिले मंडळ असा तक्ता कडेला फाटका निघतो. ब्लेलॉक यांच्या नेस्लने त्यावर उपाय केला: सगळी मंडळे एका लांब ओळीत ठेवायची आणि शेजारी कोणत्या तालुक्याची किती याची दुसरी ओळ. हॅस्केलमध्ये हाच उपाय डेटा पॅरलल हॅस्केल म्हणून आणायचा मोठा प्रयत्न झाला, वर्षानुवर्षे झाला, आणि शेवटी तो जीएचसी कम्पायलरमधून काढून टाकावा लागला. कल्पना चुकीची नव्हती. फाटक्या आकाराला सपाट करताना मधल्या ओळी इतक्या फुगत की वेग हातचा जाई. मंडळाचा टाइप ‘कोणत्या तालुक्याचे मंडळ’ यावर अवलंबून ठेवला तर फाटका आकारही नावाने सांगता येतो. पण असे टाइप लिहायला अवघड, त्यांचे चूकसंदेश वाचायला त्याहून अवघड, आणि दोन वर्षांत निघून जाणाऱ्या कंत्राटी प्रोग्रामरकडून ती अपेक्षा ठेवणे कठीण आहे. तिथे मी थोडक्यावर समाधान मानीन: मितींना नावे टाइपमध्ये, लांब्या चालू असताना तपासायच्या.

राहिली रिकामी घरे. खात्याच्या जाळीत समुद्राच्या आणि देशाबाहेरच्या घरांत उणे ९९९ लिहिलेले असते. मूळ एपीएलच्या वळणाने सरसकट बेरीज केली तर हा आकडा पाऊस म्हणून मिसळतो. फंक्शनल भाषा म्हणते, घराचा टाइपच ‘असेल किंवा नसेल’ असा करा, म्हणजे विसरणे शक्यच नाही. पण एकेका घराला असे पाकीट दिले की पुन्हा त्या चिठ्ठ्यांचे ओझे येते. फ्युथार्कचा कम्पायलर जोड्यांचा अ‍ॅरे आतल्या आत दोन अ‍ॅरेंची जोडी करून ठेवतो. एका अ‍ॅरेत आकडे सलग, दुसऱ्यात ‘आहे की नाही’ एवढेच सलग. लिहिणाऱ्याला पाकीट दिसते, यंत्राला दोन सरळ ओळी दिसतात. पावसाच्या जाळीसाठी पहिला प्रयोग कोणी करायचा असेल तर तो इथून करावा: तालुका आणि आठवडा नावाने, उणे ९९९ टाइपने, आणि खंडाचे चार आकडे घडीने. जाळीतली बुलढाण्याची तेरा-चौदा घरे त्यासाठी पुरेशी आहेत, आणि लूपने काढलेल्या उत्तराशी ती हाताने ताडून पाहता येतील इतकी कमी आहेत.